बांधावरून गेलेली लाईन

पेणकरपाड्याच्या पंढरीनाथ भोईरला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं, असं लोक म्हणायचे. बोलण्यात थोडा मीठमसाला असेल, पण गोष्ट खरी होती. त्याच्याजवळ चार फुटांची एक लोखंडी सळई होती. तिच्या वरच्या टोकाला त्याने लाकडाची छोटी वाटी बसवून घेतली होती. खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचे. पाण्याचा पाईप जिथे फुटलेला असेल तिथे सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. मग पंढरीनाथ टाचेने जमिनीवर फुली मारायचा आणि म्हणायचा, "खणा इथे." दोन-अडीच फूट खणलं की पाणी लागायचंच.

या एका गुणावर त्याने सत्तावीस वर्षं काढली. पाड्याला लागून अमृतवेल नावाचं आठ बिल्डिंगांचं कॉम्प्लेक्स आहे. तिथली सगळी प्लंबिंगची कामं त्याच्याकडेच. खरं म्हणजे ती जागाही एकेकाळी त्याच्याच आजोबांची आणि भाऊबंदांची. अर्धी भातशेती आणि अर्धं मिठागर. बिल्डरने भराव टाकला तेव्हा पंढरीनाथ सव्वीस वर्षांचा होता, आणि पाण्याची पहिली लाईन टाकायला तोच होता. त्यामुळे अमृतवेलच्या गेटमधून शिरताना तो जरा घरच्यासारखाच चालायचा. गुजराती असो, यूपीचा असो, मँगलोरी असो, सगळे त्याला पंढरीमामा म्हणत. फक्त सात नंबरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या आशा दामले त्याला पूर्ण नावाने हाक मारायच्या. त्या निवृत्त शिक्षिका, दादरहून इकडे राहायला आलेल्या, एकट्या. "या पंढरीनाथ, बसा," असं त्या म्हणायच्या तेव्हा त्याला उगाचच शर्टाची कॉलर नीट करावीशी वाटायची.

जितेंद्र हा त्याच्या काकाचा मुलगा, बारा वर्षांनी लहान. पंढरीनाथनेच त्याला धंद्यात आणलं. दहा वर्षं जितू त्याच्यामागे पाने आणि पहार घेऊन फिरला. पंढरीनाथने त्याला सळई लावून ऐकायला शिकवायचा खूप प्रयत्न केला. जितू मान वाकडी करून पाच-पाच मिनिटं उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "दादा, मना काय पन ऐकू येत न्हाय." पंढरीनाथ हसायचा. लग्नाकार्यात जेवायला बसलं की तो ही नक्कल करून दाखवायचा आणि पंगतीच्या पंगती हसायच्या. जितूही हसायचा. मग एक दिवस जितूने हे काम सोडलं आणि ठाण्याच्या एका सर्व्हे करणाऱ्या कंपनीत लागला. आधी तिथेही मोजणीच्या यंत्रांच्या तिपाया उचलायचंच काम. पुढे त्याने कसले कसले कोर्स केले, ते पंढरीनाथने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अमृतवेलच्या सहा आणि सात नंबरला नळाला लालसर पाणी यायला लागलं. कधी कधी वासही यायचा. पाईप जुने झाले होते, लोखंड गंजून आतून पोखरलं होतं, हे सांगायला कोणी पंडित नको होता. पण भोक नेमकं कुठे, हे कळत नव्हतं. बिल्डर केव्हाच पसार झालेला, नकाशा कोणाकडेच नाही. पंढरीनाथने सळई लावून दोन ठिकाणी फुल्या मारल्या. दोन्ही ठिकाणी खणलं. दोन्ही खड्डे कोरडे.

"मेट्रोच्या कामाची घरघर हाय," त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीला, सलोनी शाहला सांगितलं. "जमीन सारखी हलते, आवाज मिसळतो."

खरं कारण फक्त त्याच्या बायकोला, गिरिजाला माहीत होतं. गेल्या दिवाळीपासून पंढरीनाथला उजव्या कानाने कमी ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज वाढला होता, आणि गिरिजाने "कान दाखवून या" म्हटलं की तो जेवणावरून उठायचा.

सलोनीने मग वाट पाहिली नाही. "मामा, बुरा मत मानना," ती म्हणाली, "कमिटीने रडारवाल्यांना बोलावलंय. जमिनीत न खणता पाईप दिसतो म्हणे."

"दिसतो?" पंढरीनाथ म्हणाला. "बघू या."

सोमवारी सकाळी दहाला एक पांढरी गाडी गेटातून आत आली आणि तिच्यातून जितू उतरला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायांत जाड बूट, गळ्यात ओळखपत्र. दोन माणसांनी मागून एक यंत्र उतरवलं. लहान मुलाच्या बाबागाडीएवढं, तीन चाकांचं, खाली पिवळी पेटी आणि वर हँडलला स्क्रीन.

"दादा!" जितूने येऊन वाकून नमस्कार केला, सगळ्यांसमोर. "तू हाय म्हटल्यावर मना टेन्शन न्हाय."

पंढरीनाथला त्या नमस्काराचाच जास्त राग आला. उद्धटपणा केला असता तर त्याला बोलता तरी आलं असतं.

जितूने सलोनीला समजावून सांगितलं. पेटीतून लहरी जमिनीत जातात, पाईपला आपटून परत येतात. गाडी पाईपवरून आडवी गेली की स्क्रीनवर कमान उमटते. कमान जितकी खाली, तितका पाईप खोल. गळून माती भिजलेली असेल किंवा पाईप गंजून खलास झाला असेल, तर कमान पुसट होते, विसकटते. लोक गोळा झाले. पोरांनी मोबाइल काढले. जितू गाडी ढकलत चालला आणि स्क्रीनवर खरोखरच एकामागून एक कमानी उमटायला लागल्या. तो थांबायचा आणि त्याचा माणूस जमिनीवर लाल रंगाची रेघ मारायचा. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पंढरीनाथ मागून चालत होता आणि मनात ताडून बघत होता. प्रत्येक रेघ बरोबर होती. जी लाईन त्याने स्वतःच्या हाताने टाकली, जिच्यावर त्याने सत्तावीस वर्षं कान ठेवला, ती हा माणूस गाडी ढकलत ढकलत वाचत होता. तेही काही ऐकू न येणारा माणूस.

"जितेंद्र सर, चहा," सलोनी म्हणाली. सर! तिच्या घरून ट्रे आला, कपबशी, वर खारी. पंढरीनाथलाही चहा मिळाला, पण वॉचमनच्या थर्मासमधला, कागदी ग्लासात, नेहमीसारखा. सत्तावीस वर्षांत त्याला त्या ग्लासाचं कधी काही वाटलं नव्हतं. आज त्याने दोन घोट घेऊन चहा झाडात ओतून टाकला.

आशाबाईही खाली आल्या होत्या. त्या स्क्रीनकडे वाकून बघत होत्या आणि शाळेतल्यासारखे प्रश्न विचारत होत्या. जितू त्यांना अदबीने उत्तरं देत होता. "किती छान समजावून सांगता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. पंढरीनाथला वाटलं, कोणीतरी आपल्या घरातून भांडं उचलून नेतंय आणि आपण दारात उभे राहून बघतोय.

मग गाडी सहा आणि सात नंबरच्या मागच्या बाजूला गेली आणि स्क्रीन आंधळी झाली. कमान नाही, रेघ नाही, नुसता करडा चिखल. जितूने गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे ढकलली, बटणं दाबली. काही नाही.

"काय झालं?" सलोनीने विचारलं.

"खारी माती आहे मॅडम. इथे मिठागर होतं. मिठाच्या ओल्या चिकणमातीत लहरी मरतात, खाली जातच नाहीत." जितूने घाम पुसला. लपवाछपवी त्याने केली नाही. "इथे मशीनच्या भरवशावर सांगता येणार नाही."

पंढरीनाथच्या छातीत गुदगुल्या झाल्या. तोंडावर त्याने काही दिसू दिलं नाही.

जितू त्याच्याकडे वळला. "दादा, आपल्या मिठागराचा मोठा बांध इथूनच जायचा ना? लाईन त्या बांधावरून टाकली असंल. बाजूला सगळा चिखल होता. कुठून जायचा बांध? तू सांग, मी तिथे मार्क करतो."

पंढरीनाथला सगळं लख्ख आठवत होतं. बांध सात नंबरच्या जिन्यामागून तिरका जायचा, ड्रेनेजच्या चेंबरला खेटून, आणि जिथे आता सायकलींची शेड आहे तिथे उघाडी होती, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी फळी. लाईन त्याच बांधावर होती. त्याने स्वतः सॉकेट आवळले होते. पण सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला एकच दिसत होतं. त्याने आता सांगितलं की जितूचा माणूस तिथे लाल रेघ मारणार, ती रेघ जितूच्या रिपोर्टात जाणार आणि सलोनी म्हणणार, वा, जितेंद्र सर.

"बांध इकडून न्हवता," तो म्हणाला. "कंपाउंडच्या भिंतीकडून होता. लाईन भिंतीला धरून हाय."

जितू क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "नक्की, दादा?"

"मी टाकलीये ती लाईन. तू तवा शाळेत होतास."

भिंतीकडे लाल रेघ मारली गेली. तिथे एक जुना व्हॉल्व्ह होता, वर्षानुवर्षं कोणी न वापरलेला. पंढरीनाथनेच पाना लावून तो बंद केला. मेलेल्या लाईनचा व्हॉल्व्ह, बंद केला काय आणि उघडा ठेवला काय. दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे खणायचं ठरलं आणि जितू रिपोर्ट लिहायला निघून गेला.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सलोनीचा मेसेज आला. गिरिजाने तो वाचून दाखवला. खराब लाईन सापडली आहे, तिचा व्हॉल्व्ह बंद केला आहे, पाणी आता चांगल्या लाईनने येतंय, सहा आणि सात नंबरच्या रहिवाशांनी आता पाणी वापरायला हरकत नाही. थँक यू जितेंद्र सर, थँक यू पंढरीमामा. खाली हात जोडल्याच्या खुणा.

"तुमचं नाव हाय यात," गिरिजा खूश होऊन म्हणाली.

पंढरीनाथने तिला तो मेसेज पुन्हा वाचायला लावला. आता फोन करावा, सांगावं, की पाणी पिऊ नका, माझी चूक झाली. त्याने फोन हातात घेतलाही. मग त्याला वाटलं, त्या मेसेजात जितूचं नाव आधी आहे. आणि त्याने फोन चार्जिंगला लावून टाकला. दोन दिवसांत भिंतीकडे काही सापडणार नाही, मग मी सळई घेऊन जाईन आणि बरोबर जागा दाखवीन, असा त्याने मनाशी हिशेब मांडला. लोकांनी इतके दिवस घाण पाणी काढलं, अजून दोन दिवसांनी काय होणार होतं?

मंगळवारी भिंतीकडे चर खणला. सापडली ती जुनी विटांची गटार. बुधवारी दुपारी तो घरून जेवून परत येतोय तर सात नंबरसमोर रिक्षा उभी, आणि सलोनी आणि वॉचमन मिळून आशाबाईंना धरून आणत होते. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. सकाळपासून उलट्या आणि जुलाब. सात नंबरमधली आणखी चार माणसं तशीच पडली होती, त्यांत एक पाच वर्षांची मुलगी. आशाबाईंचा फिल्टर बिघडला होता. मेसेज आला म्हणून त्यांनी मंगळवारी सकाळी नळाचं पाणी भरून ठेवलं होतं.

"ये कैसे हुआ, मामा?" सलोनी रडकुंडीला आली होती. "व्हॉल्व्ह तर बंद केला ना आपण?"

 पंढरीनाथ सरळ मीटर रूममध्ये गेला आणि सहा आणि सात नंबरचा खरा व्हॉल्व्ह बंद केला. मग टिकाव आणि फावडं घेतलं आणि सात नंबरच्या जिन्यामागे जाऊन एकटाच खणायला लागला. भर दुपारचं ऊन, मे महिना तोंडावर. सळई त्याने आणलीच नव्हती. वरचा भराव गेला, मग लाल मुरूम लागला. बांधाचाच मुरूम. दोन्ही बाजूंना काळी चिकणमाती आणि मधे तो लाल पट्टा. अडीच फुटांवर पाईप दिसला. त्याने माती हाताने बाजूला केली आणि टिकावाचं टोक हलकेच लावलं, तर ते सरळ आत गेलं. पापडासारखं. लोखंड नावालाच उरलं होतं, नुसते गंजाचे पापुद्रे. आणि वीतभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर, त्याला तडा. पाणी सुटलेलं असताना पाईप बाहेर गळत होता आणि पाणी बंद झालं की तीच घाण आत ओढून घेत होता.

लोक धावत आले. सलोनी आली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "देखा? मशीन को नहीं मिला, मामाने ढूँढ निकाला!" दुसऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. मोबाइल निघाले. खड्ड्यात उभ्या असलेल्या, चिखलाने माखलेल्या पंढरीनाथचे फोटो निघाले. सोमवारी ज्याच्यासाठी त्याचा जीव तळमळत होता, ते सगळं त्याला आता दोन्ही हातांनी मिळत होतं.  तो खड्ड्याबाहेर येऊन भिंतीला टेकून बसला आणि पाणी मागितलं. कोणीतरी बाटली दिली, ती त्याने न उघडताच बाजूला ठेवली.

सलोनीचा फोन गेल्यावर जितू तासाभरात पोहोचला. त्याने खड्डा बघितला, लाल मुरूम बघितला, आणि माणसं पांगल्यावर पंढरीनाथशेजारी येऊन बसला.

"तुला माहीत होतं, दादा," तो हळू म्हणाला.

"हां."

"मना सोमवारीच वाटलं. तूच लग्नात सांगायचास, बांधावर लाईन टाकताना उघाडीत कसा पडलास ते. पण चार लोकांत तुला खोटं कसं पाडू? म्हटलं, दादा सांगतो तर असंल." जितूने बुटाची माती खरवडली. "मी पन गप बसलो. रिपोर्टात लिवलं, स्थानिक माहितीनुसार."

"तुझा काय दोष हाय यात?"

"हाय थोडा."

पंढरीनाथला त्या क्षणीही जितूचा राग आला. इतका चांगला वागतो, ह्याचाच राग. हे त्याने फार दिवसांनी गिरिजाजवळ कबूल केलं.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. कानाचंही बोलला, पहिल्यांदाच स्वतःहून.  गिरिजा म्हणाली, "त्या पोरीला काय झालं असतं तर?" आणि उठून भाकऱ्या करायला गेली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

शुक्रवारी पाची माणसं घरी परतली. पंढरीनाथ आधी सलोनीकडे गेला आणि कमिटीच्या चार जणांसमोर जे झालं ते सांगितलं. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. कमिटीतले सुभाष शेट्टी ओरडले, पोलिसात देऊ म्हणाले. सलोनी ओरडली नाही. "मामा, मेरी बेटी भी वही पानी पीती है," एवढंच म्हणाली, आणि मीटर रूमची किल्ली परत मागून घेतली. त्याने ती टेबलावर ठेवली.

मग तो सात नंबरला गेला. आशाबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या, हाताला सलाईनची चिकटपट्टी तशीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"का केलंत असं?" त्यांनी विचारलं.

"तो माझ्या हाताखाली होता," पंढरीनाथ म्हणाला. "त्याला ऐकू पन येत नव्हतं. आणि तुम्ही सगळे त्याला..." 

"मी चाळीस वर्षं वर्गात हे बघत आले," आशाबाई म्हणाल्या. "पण तुमच्याकडून नव्हतं वाटलं. जा आता तुम्ही. मला बरं वाटत नाही."

"बसा" त्या म्हणाल्या नाहीत. त्यानंतर वर्षभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. पुढे एकदा सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर भाजीवाल्याकडे समोरासमोर आल्या तेव्हा मान हलवली, इतकंच.

अमृतवेलचं काम गेलं. गोष्ट पाड्यात पसरली आणि आणखी दोन सोसायट्यांनी त्याला बोलावणं बंद केलं. त्याने कानाची मशीन घेतली. घरगुती कामं करत राहिला, नळ, टाक्या, गीझर. भाचीच्या साखरपुड्याला त्याला कोणीतरी जुनी नक्कल करायला सांगितली, तेव्हा तो हात धुवायच्या निमित्ताने उठून गेला.

गेल्या जानेवारीत एका रविवारी जितू घरी आला. पंढरीनाथने त्याला ओटीवर बरंच ताटकळत ठेवलं, मग आत बोलावलं. पाड्याच्या पलीकडे एका मोठ्या भागातली जुनी लाईन बदलायची होती. तिथेही सगळी खारी जमीन, तिथेही रडार आंधळं होणार होतं. जितूला बांध हवे होते, सगळे.

"दुसऱ्या कोणाला माहीत न्हाय," तो म्हणाला. "रिपोर्टात तुझं नाव घालतो. पन दादा, मी प्रत्येक ठिकाणी एक खड्डा खणून बघणार. तुझ्या नुसत्या शब्दावर आता मना जाता येणार न्हाय."

हे ऐकून पंढरीनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गिरिजा दारात उभी राहून बघत होती. त्याने टेबलावरची एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली आणि पेन मागितलं. आधी खाडीची कड काढली. मग थोरला बांध, मग मधला, मग कौलारू चौकीचा. प्रत्येकाचं नाव तो सांगत गेला आणि जितू ते मोबाइलवरच्या नकाशात टिपत गेला, बोटाने एक ठिपका, दुसरा ठिपका, तिसरा. पंढरीनाथ ते बघत होता. आजोबांनी पायी हिंडवून दाखवलेलं सगळं एकेका टिचकीसरशी त्या फोनमध्ये चाललं होतं, आणि उद्या विचारायला त्याच्याकडे कोणी येणार नव्हतं. आत तीच जुनी कळ उठली. जितूला कळण्याइतका वेळ त्याचं पेन थांबलं.

"झालं?" जितूने विचारलं. "तीनच का?"

पंढरीनाथने कानातली मशीन नीट बसवली.

"चौथा हाय एक," तो म्हणाला. "देवळामागचा. तो नकाशावर तुला कुठेच मिळणार न्हाय. लिही."